दुप्पट बर्फ

ताइस्तोचा फोन सकाळी सहाला. औलूत अजून रात्रच.
"तुझी पेटी ब्याऐंशी म्हणते, हिल्का.
माझी काठी म्हणते एक्केचाळीस."
मागे इंजिनची घरघर,
आणि त्याच्याही मागे समुद्र, गोठलेला,
ज्याच्यावरून बेटाकडे जायचा रस्ता
दर हिवाळ्यात तो मोकळा करतो.
ब्याऐंशी सेंटिमीटरवर लाकडाचे ट्रक सोडता येतात.
एक्केचाळीसवर नाही.

मी म्हटलं, काठी धर. पेटी घेऊन ये.

टेबलावर पेटी शहाण्यासारखी वागली.
एक्केचाळीस दिले, एक्केचाळीस परत केले.
चिपपासून बोर्डापर्यंत चार तारा:
एक घड्याळाची, एक जाणारी, एक येणारी,
आणि चौथी, जी खाली ओढली की चिप समजते,
आता बोलणं आपल्याशीच चाललंय.
मी ड्रायव्हर पहिल्या ओळीपासून वाचला.
मग नव्याने लिहिला.
मग रागाने, आणखी एकदा.

दुपारी पेटी बाल्कनीत ठेवली, उणे सव्वीसात,
आणि दाराच्या फटीतून केबल आत घेतली.
ब्याऐंशी.
वेग दहा पटींनी कमी केला.
ब्याऐंशी.

उर्पो कॉफी ढवळत म्हणाला,
"हातचा एक कुणी धरलाय?"
थट्टाच होती ती. पण मी कागदावर मांडून पाहिलं:
शून्य शून्य एक शून्य, एक शून्य शून्य एक.
सगळी रांग एक घर डावीकडे सरकली होती.
एक घर सरकलं की आकडा दुप्पट,
एवढं तर गणित शाळेतलं.
पण ढकललं कुणी?

ऑसिलोस्कोपची सुई घड्याळाच्या तारेला लावली,
आणि एक्केचाळीस.
काढली. ब्याऐंशी.
लावली. एक्केचाळीस.
पाहुणे आले की शहाणं होणारं पोर.
आम्ही दोघं हसलो. मग उर्पो हसायचा थांबला,
आतून बारीक सुई घेऊन आला,
जिचं ओझं तारेला कळणार नाही.

तेव्हा दिसलं:
घड्याळाची रेघ सरळ वर चढते,
माथ्यावर पोचते आणि दचकते.
क्षणभर खाली, परत वर.
ते दचकणंच चिपने दुसरा ठोका म्हणून मोजलं होतं.
मी वेग कमी केला होता,
म्हणजे ठोक्यांमधलं अंतर वाढवलं होतं.
चढण तितकीच उभी राहिली होती.

थंडीत सगळं मंदावतं असं मी धरून चालले होते,
तेल, बॅटरी, आईचे गुडघे.
सिलिकॉनचं उलट आहे.
थंडीत ते चपळ होतं,
इतकं चपळ की स्वतःचीच ठेच त्याला ऐकू येते.

खसखशीएवढा रेझिस्टर, तेहतीस ओहमचा.
चिमट्यात धरला तेव्हा श्वासही जपून सोडला.
तार जिथून निघते तिथेच कापून
मध्ये तो बसवला, वाटेत जरासा अडसर.
चढण थोडी कलली. दचकणं विरलं.
बाल्कनीत रात्रभर एक्केचाळीस, एक्केचाळीस,
एकदा चाळीस, पण ते मोजणाऱ्या यंत्राचं खरंच मत असावं.

तीनदा लिहिलेला ड्रायव्हर पुसून टाकला,
जुना परत आणला.
त्याची काही चूक नव्हती. माफी कुणाकडे मागायची ते कळेना.

आठवड्यानंतर फोन, पुन्हा सहाला.
"त्रेचाळीस," ताइस्तो म्हणाला.
मी स्क्रीनवर पाहिलं. त्रेचाळीस.
"मग आता काठीला सुट्टी दे."
पलीकडे वारा, जाड हातमोजा फोनला घासल्याचा आवाज.
"काठीला तारा नाहीत, हिल्का."
आणि त्याने फोन न ठेवताच
गिरमिट पुढच्या खुणेवर टेकवलं.
बर्फात शिरताना ते कुरकुरत राहिलं,
मी कान लावून, मोजत.